गिझर टांगायचा कुठे

नकाशेवाली दिवसभर परक्यांची घरं कागदावर बांधायची. कुणाचा जिना वळवायचा, कुणाच्या बेडरूमची भिंत वीतभर मागे घ्यायची, कुणाच्या न्हाणीघराला हवेची खिडकी कुठे द्यायची, सगळं तिच्या हातून व्हायचं. साहेब शेवटी सही करायचे, तेवढंच. पण तिच्या स्वतःच्या घरात साधा खिळा ठोकायचा म्हटला तरी चार तोंडं चार दिशांना. नवरा म्हणायचा इथे, सासूबाई म्हणायच्या तिथे, सासरे म्हणायचे मुळात खिळा हवाच कशाला.

अशा घरात एका संध्याकाळी गॅस गिझरचा खोका येऊन पडला.

विजेचा जुना गिझर चालू केला की अर्ध्या मजल्याचे दिवे जायचे. इमारत म्हातारी, तिचं वायरिंग तिच्याहून म्हातारं. सासूबाईंच्या गुडघ्यांना गार पाणी सोसेना आणि चुलीवर पातेली तापवून ती न्हाणीघरापर्यंत वाहून नेताना एकदा नकाशेवालीच्या पायावर पाणी सांडलं, तेव्हा नवऱ्याच्या मनानं घेतलं. कुणाला न विचारता त्यानं गिझर आणला आणि हॉलच्या मधोमध ठेवून त्याच्याकडे कौतुकानं बघत बसला.

"आणलास खरा, पण लावायचा कुठे?" तिनं चपला काढता काढता विचारलं.

"बाथरूममध्ये. आंघोळ काय स्वयंपाकघरात करतात?"

"बाथरूममध्ये नाही."

"झालं सुरू," सासरे आतून म्हणाले.

तिनं पर्स खाली ठेवली आणि शांतपणे सांगायला घेतलं. शांतपणा तिनं मुद्दाम धरला होता, कारण तो किती वेळ टिकेल याची तिला खात्री नव्हती. गॅस जळतो तेव्हा हवा खातो. एवढ्याशा बंद खोलीत हवा कमी पडली की त्याच्यातून विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला जरा गरगरतं, पायांतलं बळ जातं, आणि दाराला आतून कडी. आपल्या बाथरूमला काय आहे? भिंतीच्या वर एक हातभर झरोका, त्यालाही बाबांनी प्लास्टिक चिकटवलंय.

"वारा येतो," सासरे म्हणाले.

"तोच यायला हवा असतो, बाबा."

सासरे दारात येऊन उभे राहिले. ते सिनेमाच्या थेटरात मशीन चालवायचे. पडद्यामागचं आयुष्य सगळ्यांना माहीत असतं, पडद्यासमोरच्या उंच खोलीतलं कुणाला माहीत नसतं, असं त्यांचं नेहमीचं म्हणणं. "सूनबाई, मी उभी हयात बंद खोलीत काढली. दोन मशिनी, त्यांत उजेडासाठी जळणाऱ्या कोळशाच्या कांड्या, वर उन्हाळा. मेलो का?"

 जिवंत माणसाला तू मेला असतास असं पटवून देणं महाकठीण. नकाशेवाली हात धुवायला आत निघून गेली. नवरा मागून म्हणाला, "होईल गं काहीतरी." हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या मते जगातल्या सगळ्या गोष्टी आपोआप होत होत्या. कुणीतरी त्या करतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

खोका हॉलमध्येच राहिला. येता-जाता प्रत्येकाच्या पायाची करंगळी त्याच्यावर आपटायची. सासूबाईंनी त्यावर एक कापड घातलं, मग त्यावर वर्तमानपत्रं आली, मग इस्त्रीचे कपडे. बघता बघता खोका घरचाच झाला, आणि पातेली होती तशी चुलीवर चढत राहिली.

मग एक दिवस ती कामावरून परत आली, तर खोका जागेवर नव्हता.

क्षणभर तिला बरंच वाटलं. मग न्हाणीघराचं दार उघडं दिसलं. आत, नळाच्या वर, पांढराशुभ्र गिझर भिंतीवर ऐटीत बसला होता. छोटा सिलिंडर कोपऱ्यात, बादलीला खेटून. भिंतीला पाडलेल्या भोकांचा लाल चुरा अजून फरशीवर पडलेला.

"पाचमिनिट येऊन गेला," सासूबाई म्हणाल्या. पाचमिनिट म्हणजे गल्लीच्या तोंडाशी बसणारा नळ-गॅसवाला. काम कसलंही असो, तो म्हणायचा, 'पाच मिनिटांचं काम आहे,' आणि मग दुपार घालवायचा. "किती सुबक बसवलाय बघ."

"त्याला कुणी सांगितलं इथे बसवायला?"

"त्याला कशाला सांगायला लागतंय? तो म्हणाला, सगळे इथेच लावतात."

"सगळे विहिरीत उडी मारतात म्हणून..." ती बोलायची थांबली. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद होता. नवरा घाईघाईनं टॉवेल शोधायला निघून गेला होता, आणि टॉवेल त्याच्या खांद्यावरच होता.

ती भांडली नाही. न्हाणीघरात गेली, सिलिंडरच्या तोंडावरचा रेग्युलेटर कट्‌कन काढला, पदरानं पुसला आणि पर्समध्ये टाकला.

"हे काय?" सासरे.

"गिझर राहू दे तिथे. शोभेला छान दिसतोय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेन्सिल शोधताना तो रेग्युलेटर पर्समधून निसटला आणि फरशीवरून घरंगळत साहेबांच्या टेबलाखाली जाऊन थांबला. साहेबांनी वाकून तो उचलला, उलटासुलटा केला आणि काही न विचारता तिच्या हातात दिला. लग्न झालेला माणूस होता तो. घरचं घरच्यांनाच ठाऊक असतं, हे त्याला कळत होतं.

घरी मात्र सासऱ्यांनी डोकं चालवलं. ती बाहेर पडल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून गिझरला जोडण्याचा घाट घातला. तो डाव उधळला सासूबाईंनीच. सुनेच्या बाजूनं नव्हे, चहाच्या बाजूनं. "माझ्या चुलीला हात लावायचा नाही," त्या ओट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आंघोळ एक वेळ राहील, माझा चहा राहणार नाही." संध्याकाळी ही हकीकत कानावर आली तेव्हा नकाशेवालीला हसावं की रडावं कळेना. आपल्या जिवासाठी आपण ओरडतोय, आणि तो वाचतोय कशामुळे, तर चहामुळे!

त्या संध्याकाळी जेवताना तिचा शांतपणा संपला.

"बाबा, एक विचारू? तुमच्या त्या मशीनला वर काय होतं?"

"वर म्हणजे?"

"मशीनच्या डोक्यावर. कांड्या जळायच्या, धूर व्हायचा. तो कुठे जायचा?"

"नळी होती ना. पत्र्याची, जाडजूड. थेट छपराबाहेर. पंखा होता वर, ओढून घ्यायला." सासरे रंगात आले. "एकदा तो पंखा बंद पडला तर मालकाला मी सरळ सांगितलं, दुरुस्त कर, नाहीतर पुढचा खेळ..."

ते मध्येच थांबले. नवऱ्यानं ताटात घातलेली मान वर केली. सासूबाईंनी वाढता वाढता डाव हवेत धरला.

"ही आमटी आज जरा..." सासरे पुटपुटले, आणि जेवणाकडे वळले.  पण दुसऱ्या दिवशी झरोक्यावरचं प्लास्टिक निघालेलं होतं, आणि सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाथरूममध्ये नको म्हणते तर नको. पण मग कुठे? सांग की! नको म्हणायला अक्कल लागत नाही."

हे मात्र खरं होतं, आणि तिला ते झोंबलं.

जागा होत्या तीन. स्वयंपाकघरात लावावा, तर ती जागा ओट्याच्या वर, चुलीशेजारी. आणि ज्योत विझते म्हणून सासूबाई तिथली खिडकी सदैव बंद ठेवणार. समोरच्या गॅलरीत लावावा, तर निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी ती सरकत्या काचांनी पूर्ण बंद करून घेतलेली. दिवसभर ते तिथे खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. आवाज न येता नुसती हलणारी माणसं बघायची त्यांना सवयच होती. त्या काचांना हात लावणं म्हणजे आगीशी खेळ. उरली मागची बाल्कनी. बाल्कनी कसली, धुणं वाळत घालायला काढलेला ओटाच तो. पण स्वयंपाकघराला लागून, बाथरूमला पाठीला पाठ, आणि मुख्य म्हणजे समोरून सताड उघडी. नुसता लोखंडी गज. जळलेला गॅस नळीनं गजाबाहेर सोडला की संपलं.

तिनं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाल्कनीचा नकाशा काढला. भिंत, नळ, सिलिंडर, धुण्याच्या दोऱ्या, नळीचं टोक. साहेब मागून डोकावले.

"हे कुठलं गिऱ्हाईक?"

"घरचंच. सगळ्यांत कटकटं."

पाचमिनिट बोलावल्यावर आला नाही. पुन्हा बोलावल्यावर येतो म्हणाला आणि आला नाही. शेवटी ती स्वतः जाऊन त्याच्या टपरीसमोर उभी राहिली, तेव्हा आला, तोंड एवढंसं करून. "बाई, चांगला बसवलेला गिझर उपटायचा म्हणजे माझ्या कामाला नाव ठेवल्यासारखं होतं."

"तुझ्या कामाला नाही, जागेला ठेवतेय."

"इतकी वर्षं लावतोय मी. कुणाचं काही बिघडलं नाही."

"ज्यांचं बिघडलं ते तुला सांगायला आले नसतील."

त्यानं पाना उचलला. काम मात्र त्यानं नीट केलं, कारण ती त्याच्या खांद्याशी उभी राहून नकाशा धरून होती. नळीचं टोक गजाबाहेर हातभर काढायला लावलं. भिंतीतल्या जुन्या भोकांत सिमेंट भरायला लावलं. जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायला लावलं. सगळं झाल्यावर बाथरूममधला नळ सोडला, तशी मागे बाल्कनीत भप्‌कन ज्योत पेटली आणि थोड्याच वेळात नळातून वाफाळतं पाणी आलं. सासूबाईंनी हात पुढे करून बघितलं आणि त्यांच्या तोंडून नुसतं "अगं बाई!" निघालं.

ते आठ-दहा दिवस मोठे सुखाचे गेले. सासूबाई गुडघ्यांवर पाणी घेत बसायच्या, बोलावलं तरी उठायच्या नाहीत. सासऱ्यांनी कौतुक केलं नाही, पण आंघोळीनंतर गुणगुणायला लागले. नकाशेवाली ऑफिसात दुसऱ्यांच्या नकाशांवर नेहमीपेक्षा जोरात खोडरबर चालवू लागली. जिंकलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या चुका पटकन दिसतात.

मग वरच्या मावशी खाली आल्या.

वरच्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर, या मावशी एकट्या राहायच्या. कपड्यांवर भरतकाम करून द्यायच्या. हाताला जेवढा गोडवा तेवढाच जिभेला कडवटपणा. मिक्सर लावला तर त्यांची तक्रार, ओले कपडे टपकले तर तक्रार, खालून वरती फोडणीचा वास गेला तर तक्रार. इमारतीत त्यांना सगळे पाठीमागे 'अर्ज' म्हणायचे. आता काय घेऊन आल्या, म्हणून नकाशेवालीनं दार अर्धंच उघडलं.

"तुमचा तो गिझर बंद करा," मावशी म्हणाल्या. "सकाळपासून डोकं धरतंय माझं."

"गिझरनं?"

"मग काय माझ्या सुईनं? तुम्ही तो लावल्यापासून रोज. तुमच्या आंघोळी चालू झाल्या की माझ्या डोक्यावर दगड ठेवल्यासारखं होतं. काल मळमळत होतं."

"मावशी, गिझर उघड्यावर आहे. नळी बाहेर सोडलीय. जितका सुरक्षित लावता येतो तितका लावलाय. हवं तर नकाशा दाखवते."

"नकाशा घेऊन काय करू? कपाळाला बांधू?"

आतून सासरे म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असेल त्यांचा." ते मावशींना ऐकू गेलं. त्या जिना चढून गेल्या, आणि नेहमीसारखं दार आपटलंही नाही.

दोन दिवसांनी पुन्हा आल्या. पुन्हा तेच. या वेळी नकाशेवालीचा तोल गेला. "मावशी, या गिझरसाठी मी घरच्यांशी भांडले, त्या माणसाशी भांडले, ऑफिसची सुट्टी वाया घालवली. कशासाठी? कुणाला काही होऊ नये म्हणून! आणि तुम्ही मलाच..."

"मला भांडायचं नाही बाई," मावशी जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाल्या. "वर येऊन बस एकदा. एवढंच सांगते."

खोटं पाडायच्या इराद्यानंच ती दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेली. नवऱ्याला सांगून गेली, मी गेले की आंघोळीला बस आणि भरपूर वेळ लाव. तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकतोय.

मावशींची खोली छोटी, नीटस. मागच्या भिंतीला एक खिडकी, तिच्याखाली लाकडी पाट, पाटावर उशी, शेजारी दोऱ्यांच्या रिळांची टोपली. खिडकी अर्धी उघडी होती. "उजेडासाठी इथेच बसावं लागतं," मावशी म्हणाल्या. "दुसरीकडे सुईचं नाक दिसत नाही." मांडीवर लग्नाच्या पोशाखाचा पांढरा गळा होता, त्यावर पांढऱ्याच दोऱ्याची पानं अर्धी भरलेली.

खालून नळ सुटल्याचा आवाज आला. मग तोच ओळखीचा भप्‌कन आवाज.

नकाशेवाली खिडकीशी बसून राहिली. आधी काही झालं नाही. तिच्या तोंडावर मी-म्हटलं-नव्हतं-का असं वाक्य तयारच होतं. मग तिच्या गालाला ऊब लागली. खिडकीतून येणारी हवा गार असायला हवी होती, आणि ती कोमट होती. दमट होती. कुणीतरी जवळ येऊन श्वास सोडावा तशी. आणि खिडकीच्या उघड्या झडपेची काच, तिच्या डोळ्यांदेखत, खालच्या कडेपासून वर धुरकट होत गेली.

ती उठली, खिडकीतून वाकून खाली बघितलं. खाली, सरळ ओळंब्यात, तिनंच गजाबाहेर काढायला लावलेल्या नळीचं टोक होतं. त्यातून वाफ निघत होती, भिंतीला धरून वर चढत होती आणि मावशींच्या खिडकीत वळत होती. जो वायू जीव घेतो तो दिसत नाही. पण त्याच्यासोबत निघालेली वाफ या खोलीत कशी शिरते, ते काचेवर लिहिल्यासारखं दिसत होतं.



तिनं नकाशा काढला होता तो वरून बघितलेला. भिंती, नळ, अंतर, सगळं अचूक. पण इमारत उभी कापून बघितली तर खालच्या नळीच्या वर काय येतं, ते तिनं काढलंच नव्हतं. ऑफिसात हीच चूक एखाद्या नव्या मुलीनं केली असती, तर तिनं तिला दिवसभर उभं केलं असतं. आपलं घर सुरक्षित करताना तिच्या लेखी इमारत संपली ती आपल्या छतापाशी. छताच्या वर कुणी राहतं, हे फक्त तक्रारीपुरतं आठवत होतं.

"खिडकी का नाही लावून घेतलीत?" तिनं विचारलं.

"लावली ना. मग कोंदट होतं, आणि काम दिसत नाही. शिवाय..." मावशी सुई ओवता ओवता म्हणाल्या, "म्हटलं, एवढी शिकलेली मुलगी सांगतेय, तर असेल माझंच डोकं फिरलेलं."

यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

ती जिना दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आली आणि बाथरूमचं दार बडवलं. "बंद कर! नळ बंद कर आधी!"

"तूच म्हणालीस ना भरपूर वेळ..."

"बंद कर!"

नवरा डोक्याला साबण तसाच घेऊन बाहेर आला. सासूबाई लाटणं हातात घेऊन धावल्या. नकाशेवालीनं सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि या वेळी पर्समध्ये न टाकता सरळ ओट्यावर ठेवला.

"इथेही चालणार नाही," ती म्हणाली. "काढावा लागेल."

घरात जो गोंधळ उडाला तो सांगायची सोय नाही. सासूबाई म्हणाल्या, माझे गुडघे काय तुझ्या प्रयोगासाठी आहेत? नवऱ्याच्या डोळ्यांत साबण जात होता, म्हणून तो नेहमीचं वाक्यही म्हणू शकला नाही. आणि सगळे वाट बघत होते ती सासऱ्यांची. ते गॅलरीतून उठून आले, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अर्जबाई खरं बोलत होत्या?"

"हो."

"आणि मी त्यांच्या चष्म्याला नावं ठेवली."

"हो. आणि बाबा, आता एकच जागा उरलीय."

सासऱ्यांना ते बोलायच्या आधीच कळलं. त्यांनी मान वळवून गॅलरीकडे बघितलं. "नाही."

"गॅलरीच्या टोकाला. तिथून बाजूच्या भिंतीला नळी काढता येईल. त्या भिंतीला खालपासून वरपर्यंत एकही खिडकी नाही. पण काचा काढाव्या लागतील. सगळ्या."

"दोन काढ. टोकाकडच्या."

"दोन काढून भागत नाही. हिवाळ्यात तुम्ही बाकीच्या ओढून घेणार. मला माहीत आहे, आणि तुम्हालाही."

"म्हणजे मला हुसकून लावतेस तू! या घरात एक खुर्चीभर जागा आहे माझी, आणि ती या डबड्याला द्यायची?"

आणि मग, इतके दिवस जे झालं नव्हतं ते झालं. नकाशेवाली हॉलमधल्या स्टुलावर बसली आणि तिला रडू फुटलं. दुःखानं नव्हे, रागानं. कुणावर, हे तिलाही सांगता आलं नसतं. "मला काय हौस आहे का हो?" ती म्हणाली. "ज्या भिंतीला हात लावावा त्या भिंतीशी भांडण. तुमचं चुकलं तेव्हा चार दिवस मी बोलले. पाचमिनिटाचं चुकलं, त्याला बोलले. आता माझं चुकलंय. एक बाई रोज तो वायू श्वासात घेत बसली होती आणि मी तिला नकाशा दाखवत होते. मला कोण बोलणार?"

 सासऱ्यांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर मांडली आणि ऐसपैस बसले.

"मी बोलतो," ते म्हणाले.

आणि बोलले! मनसोक्त बोलले. शिकलीस पण पाहायला शिकली नाहीस इथपासून सुरुवात केली. घमेंड, घाई, मोठ्यांचं न ऐकणं, वरच्या माणसाला खालचं समजणं, सगळं एकापाठोपाठ काढलं. मध्येच जुनी प्रकरणंही आली, ज्यांचा गिझरशी सुतराम संबंध नव्हता. सासूबाईंनी दोनदा "पुरे आता" म्हटलं, पण नकाशेवालीच म्हणाली, "बोलू द्या त्यांना." ऐकता ऐकता तिचं रडू थांबलं. त्यातलं निम्मं खोटं होतं आणि निम्मं खरं, आणि त्या वेळी तिला दोन्हींची सारखीच गरज होती.

बोलून बोलून सासऱ्यांचा घसा बसला. त्यांनी पाणी मागितलं, पूर्ण तांब्या संपवला.

"काचा कधी काढायच्या?" त्यांनी विचारलं.

"पाचमिनिट येईल तेव्हा."

"म्हणजे पुढच्या वर्षी. पेचकस आण. मीच काढतो. मीच बसवल्या होत्या."

या वेळी तिनं घाई केली नाही. नकाशा वरून काढला, उभा काढला, बाजूनं काढला. रस्त्यावर उतरून खालून बघितलं, समोरच्या इमारतीच्या जिन्यावर चढून समोरून बघितलं, मावशींच्या खोलीत जाऊन वरून बघितलं. मावशी तिच्याबरोबर पुढच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "नळी अजून तिकडे ने, कोपऱ्यापलीकडे. वारा संध्याकाळी इकडून फिरतो." तिनं मुकाट्यानं कागदावर तशी खूण केली. डोकं आता दुखत नाही ना, म्हणून तिनं विचारलं. "गिझरनं नाही दुखत," मावशी म्हणाल्या. डॉक्टरकडे चला, म्हणून ती हट्टानं घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि वेळेवर थांबलात म्हणाले. परतताना तिनं माफी मागितली, पण ती मागताना तिला नीट शब्द सापडले नाहीत, आणि मावशींनीही ती नीट दिली नाही. "बघू," एवढंच म्हणाल्या.

गिझर गॅलरीच्या टोकाला बसला. नळी कोपऱ्यापलीकडे गेली. पाणी मात्र आता सगळं घर ओलांडून बाथरूमपर्यंत यायचं. गॅलरीत ज्योत पेटायची आणि नळाला बराच वेळ गारच धार. ती वाया जाऊ नये म्हणून बादली लावायची, ती भरली की धुण्याला न्यायची, मग कुठे कोमट, मग गरम. यावरून रोज सकाळी बोलणी बसायची. सासूबाई आतून ओरडायच्या, "आलं का गं?" आणि ती हॉलमधून ओरडायची, "येतंय!"

सासऱ्यांना उघड्या गॅलरीत पहिल्यांदा फार जड गेलं. रस्त्याला आवाज असतो हे ते विसरूनच गेले होते. हॉर्न, भांडणं, भाजीवाल्याची हाळी, सगळं अंगावर यायचं. कानाला मफलर गुंडाळून ते बसायचे आणि ती दिसली की मुद्दाम शिंकायचे.

एका सकाळी ती सगळ्यांच्या शेवटी आंघोळीला गेली. बाहेर सासरे कुणाशी तरी गॅलरीतून मोठ्यानं बोलत होते. वर मान करून. कांड्या, पंखा, पत्र्याची नळी, मालकाला दिलेला दम. वरून मावशींचा आवाज आला, की इतकं ओरडू नका, ऐकू येतं मला. पण पुढे काय झालं ते सांगा.

नकाशेवालीनं नळ सोडला. धार गार होती. तिनं हात तिच्याखाली धरला आणि, कामाला उशीर होत असल्याची चिडचिड करत, वाट बघत उभी राहिली.